मंत्रचळ कुत्र्यांनाही होतो

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे एकाच तऱ्हेच्या तक्रारी इतक्या वेळा आल्या की या खेपेस लसीकरण आणि आहाराची पत्रे बाजूला ठेवून केवळ त्यांनाच उत्तरे देण्याचे ठरवले आहे. कुत्रा स्वतःच्या शेपटीमागे फिरत राहतो, एकच पाय चाटत बसतो, पांघरूण चोखतो किंवा हवेतल्या न दिसणाऱ्या माशा पकडतो आणि काही केल्या थांबत नाही, असा या पत्रांचा आशय आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड ‘शेरू’ अडीच वर्षांचा आहे. आम्ही सातव्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात राहतो. गेल्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तो बिथरला आणि शेपटीमागे गोल फिरू लागला. सुरुवातीला सर्वांना गंमत वाटली, मुलांनी व्हिडिओ काढले. आता दारावरची घंटा वाजली तरी तो फिरतो, कुकरची शिट्टी झाली तरी फिरतो आणि कधी काहीही झालेले नसताना फिरतो. महिन्यापूर्वी त्याने शेपटीचे टोक चावून रक्त काढले. रागावून पाहिले, बांधून ठेवून पाहिले. शेपूट कापून टाका, असे एका परिचितांनी सुचवले आहे. काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : परिचितांच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो अमलात आणला तर परत फिरता येणार नाही. केवळ फिरणे थांबावे म्हणून शेपूट कापू नये. शेपटीत बरी न होणारी जखम किंवा हाडापर्यंत गेलेला संसर्ग असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय शल्यचिकित्सक घेतात. पण तो जखमेवरचा उपाय असतो, वर्तनावरचा नसतो. शेपूट गेल्यानंतर उरलेल्या थोटक्यामागे तितक्याच आवेशाने फिरणारी कुत्री मी पाहिली आहेत.

आता शेरूला काय झाले असावे, त्याविषयी. तुमच्या पत्रातला क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : आधी फटाके, मग घंटा, मग कुकर आणि शेवटी ‘काहीही झालेले नसताना’. भीतीने किंवा उत्तेजनेने कुत्रा गोंधळतो, पळायचे की लपायचे हे त्याला ठरवता येत नाही आणि त्या कोंडीत तो तिसरेच काहीतरी करतो. सुरुवातीला ही कृती त्या प्रसंगापुरतीच असते. ती वारंवार घडू लागली की तिचा उंबरठा खाली येत जातो. फटाक्याची जागा घंटा घेते, घंटेची जागा कुकर घेतो आणि अखेर कृती मूळ कारणापासून सुटून स्वतंत्रपणे चालू राहते. माणसांमधल्या अशा विकाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात. कुत्र्याच्या मनात कोणता विचार घोळतो हे आपल्याला विचारता येत नाही, त्यामुळे दोन्ही विकार तंतोतंत एकच आहेत असे म्हणता येणार नाही; परंतु साम्य पुष्कळ आहे आणि औषधेही बरीचशी तीच लागू पडतात. आपल्याकडे अशा कुत्र्याला ‘खोड लागली’ असे सहज म्हटले जाते. हा शब्द मला खटकतो, कारण खोड म्हटली की ती मोडायची असते आणि तिथूनच ओरडणे, मारणे व बांधून ठेवणे सुरू होते.

मंत्रचळाचे निदान मात्र सर्वांत शेवटी करायचे असते. त्याआधी शेपटीजवळ किंवा पाठीत काही दुखते अथवा खाजते का, हे पाहावे लागते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी तुंबल्या असतील, शेपटीच्या मुळाशी पिसवा किंवा गोचिडी असतील, त्वचेची ॲलर्जी असेल, शेपटीचे हाड कधी दाराच्या फटीत चेंगरले असेल, तरी कुत्रा मागे वळून तिथेच झेप घेतो. जर्मन शेफर्डमध्ये कमरेच्या मणक्यांचे दुखणे वारंवार आढळते, म्हणून त्याच्या पाठीची तपासणी मी कधीही टाळत नाही. काही वेळा असे फिरणे हा फेफऱ्याचाही प्रकार असतो. हाक मारल्यावर तो क्षणभर तरी भानावर येतो का, आणि फिरणे संपल्यावर तो अडखळतो, लाळ गाळतो किंवा घर अनोळखी असल्यासारखा वावरतो का, हे बारकाईने पाहा. मुलांनी काढलेले व्हिडिओ पुसले नसतील, तर ते पशुवैद्यांना दाखवा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा सहसा फिरून दाखवत नाही, त्यामुळे निदानाला ते फार उपयोगी पडतील.

पुढे मात्र गंमत म्हणून व्हिडिओ काढू नका. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेपटीमागे फिरणाऱ्या कुत्र्यांचे यूट्यूबवरील ४०० व्हिडिओ तपासले होते आणि त्यांपैकी अनेकांत पाहणारी माणसे हसताना, कुत्र्याला चिथावताना आढळली होती. आपण हसतो तेव्हा आपले लक्ष कुत्र्याकडे असते आणि लक्ष ही कुत्र्याच्या दृष्टीने मोठी मिळकत असते. रागावण्यातही लक्ष असतेच, शिवाय त्यात भीतीची भर पडते. म्हणजे ज्या कोंडीतून हे सुरू झाले, तीच कोंडी आपण रोज नव्याने घालतो. साखळीने बांधल्याने वर्तुळ लहान होते, ताण वाढतो.

फिरू लागल्यावर त्याला थांबवणे हा उपचार नव्हे, फिरणे सुरू होण्यापूर्वीचा काळ हाताळणे हा उपचार आहे. पुढचे सर्व या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आधी दोन आठवडे एक वही ठेवा. फिरणे किती वाजता सुरू झाले, त्याआधीच्या पाच मिनिटांत घरात काय घडले, ते किती वेळ चालले आणि कशाने थांबले, एवढेच लिहायचे. चार दिवसांतच तुम्हाला ठरावीक वेळा दिसू लागतील. बहुधा सकाळी मुलांची शाळेची घाई आणि संध्याकाळी सर्वजण घरी परतण्याची वेळ. फिरण्यापूर्वीची चिन्हेही ध्यानात येतील : अंग ताठरणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, मान वळवून स्वतःच्या मांडीकडे टक लावून पाहणे. त्या क्षणी काहीतरी करता आले तर करायचे, कारण दहावे वर्तुळ सुरू झाल्यावर त्याला तुमचे शब्द पोहोचत नाहीत.

त्या क्षणी काय करायचे, ते मात्र आधी शांत वेळी शिकवून ठेवावे लागते. एक सतरंजी ठरवा. शेरू तिच्यावर जाऊन आडवा झाला आणि त्याने हनुवटी खाली टेकली की हळू आवाजात शाबासकी आणि खाऊचा लहानसा तुकडा द्या. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे, एवढा सराव पुरे. घरातल्या प्रत्येकाने यासाठी एकच शब्द वापरावा. आजी ‘जागेवर’ म्हणतात, मुलगा ‘मॅट’ म्हणतो आणि तुम्ही ‘बस खाली’ म्हणता, असे चालणार नाही. सतरंजी म्हणजे निवांतपणा आणि लाभ, हे पक्के झाल्यावर घंटेचा आवाज मोबाइलवर अगदी हळू वाजवून त्याला सतरंजीवर जायला सांगा आणि आवाज दिवसागणिक किंचित वाढवत न्या. आडवे पडलेल्या कुत्र्याला फिरता येत नाही, यातच या पद्धतीचे मर्म आहे. तरीही फिरणे सुरू झालेच, तर त्याचे नाव घेऊन ओरडू नका. शेजारच्या खोलीत फिरायला नेण्याचा पट्टा वाजवणे किंवा खाण्याचा डबा उघडणे असा शांत, दुरून येणारा आवाज करा आणि शेरू तिथे आला की त्याला एखादे सोपे काम सांगून त्याबद्दल खाऊ द्या. ही युक्ती मात्र रोजची करू नका, नाहीतर फिरले की डबा उघडतो, असा हिशेब कुत्रा आठवड्याभरात मांडतो.

जर्मन शेफर्ड ही मेंढ्या राखण्यासाठी घडवलेली जात आहे. सातव्या मजल्यावर तिला काम उरलेले नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. दोन वेळा इमारतीखाली नेऊन आणणे म्हणजे व्यायाम नव्हे. रोज किमान एक फेरी अशी असावी की जिच्यात तो नाकाने ठरवेल तिथे थांबता येईल. वास घेण्यात गेलेली वीस मिनिटे कुत्र्याला दमवतात, आणि तो थकवा सुखाचा असतो. खाणे ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलात गुंडाळून, खोक्यातल्या कागदी बोळ्यांमध्ये दडवून किंवा घरभर लहान वाट्यांत ठेवून शोधायला लावा. पावसाळ्यात फेऱ्या बुडतात आणि अशी वर्तने बळावतात, तेव्हा हे खेळ विशेष उपयोगी पडतात. येत्या दिवाळीसाठी आतली एक खोली आत्तापासून त्याची करून ठेवा आणि फटाक्यांच्या दिवसांपुरते भीतीवरचे औषध द्यावे का, हे पशुवैद्यांना किमान महिनाभर आधी विचारा.

शेपटीच्या जखमेवर उपचार तातडीने हवेत. ती भरेपर्यंत, तोंड शेपटीपर्यंत पोहोचू नये म्हणून, गळ्यात कोन घालावा लागेल. तो तेवढ्यापुरताच ठेवा. आणि एक अपेक्षा आताच ठरवून घ्या : फिरणे शून्यावर येईलच असे नाही. दिवसातली दोन तासांची चक्रे दहा मिनिटांवर आली, जखम होणे थांबले आणि हाक मारल्यावर तो थांबू लागला, तर उपचार यशस्वी झाले, असे मी मानतो.

प्रश्न : आमची डॉबरमन ‘राणी’ पाच आठवड्यांची असताना घरी आणली, आता ती दीड वर्षाची आहे. झोपण्यापूर्वी ती आईची जुनी गोधडी तोंडात धरून अर्धा-अर्धा तास चोखते. गोधडी धुवायला टाकली तर स्वतःच्या कुशीची कातडी चोखते. गोधडी कायमची काढून टाकावी का? एकदा पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे हे आपोआप थांबेल, असे काहीजण सांगतात. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गोधडी काढू नका. काढल्यावर काय होते, ते तुमच्याच पत्रात आले आहे : ती कातडीकडे वळते, आणि कातडीला जखम होते, गोधडीला होत नाही. खाणे, खेळणे, झोप आणि माणसांशी वागणे सुरळीत असेल, तर झोपेपूर्वीचे हे चोखणे तसेच राहू द्यायला माझी हरकत नाही. भीती आहे ती चिंध्यांची. गोधडीच्या दोऱ्या-चिंध्या पोटात गेल्या तर आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. त्यामुळे उसवलेली गोधडी वेळोवेळी बदला आणि ओकाऱ्या, अन्न टाकणे किंवा शौचाला न होणे यांपैकी काही दिसले तर रात्र न दवडता दवाखाना गाठा. धुण्याच्या दिवसासाठी त्याच वासाची दुसरी गोधडी तयार ठेवा. चोखण्याचा वेळ वाढू लागला, दिवसाही ती हाकेला न येता चोखत राहू लागली किंवा कुशीवरचे केस गेले, तर मात्र तपासणी आणि उपचार हवेत.

पिल्लांविषयी माझे मत ठाम आहे : राणीची पिल्ले होऊ देऊ नका. कूस चोखणे आणि पांघरूण चोखणे हे डॉबरमन जातीतले सुपरिचित वर्तन असून ते घराण्यात उतरते. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा डॉबरमन कुत्र्यांच्या सातव्या गुणसूत्रावरील ‘सीडीएच-२’ या जनुकाच्या परिसराशी त्याचा संबंध असल्याचे दाखवले. मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी जोडल्या जाण्यात या जनुकाचा वाटा असतो. एकट्या जनुकाने सारे ठरते असा याचा अर्थ नाही. फिनलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, शेपटीमागे फिरणाऱ्या कुत्र्यांच्या अभ्यासात या जनुकाचा संबंध आढळला नाही. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांमध्ये मात्र फिरण्याचे प्रमाण जास्त आढळले. तुम्ही राणीला पाच आठवड्यांची असताना आणले, त्यात तुमचा दोष मी काढणार नाही, विकणाऱ्याचा काढेन. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार मनाई आहे, तरी बाजारात ‘लहान आणले की माणसाळते’ असे सांगून ती सर्रास विकली जातात.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या लॅब्रेडॉरने, ब्रुनोने, डावा पुढचा पाय मनगटाच्या वर चाटून चाटून रुपयाएवढी जखम केली आहे. केस गेले, कातडी जाड झाली. हळद आणि खोबरेल तेल लावले, ते चाटून टाकतो. एकाने मिरचीची पूड लावायला सांगितले आहे. दिवसभर घरात कोणी नसते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : मिरचीची पूड उघड्या जखमेवर लावणे हा निव्वळ छळ आहे, त्याने चाटणे थांबत नाही, आग मात्र वाढते आणि आग होणारी जागा कुत्रा अधिकच चाटतो.

पुढच्या पायावरची ही जखम पशुवैद्य रोज पाहतात आणि तिला हलकी समजण्याची चूक मीही सुरुवातीच्या वर्षांत केली आहे. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत खोल असते. सततच्या चाटण्याने केसांची मुळे फुटतात, केसांचे तुकडे कातडीत रुततात, तिथे जंतू वाढतात, जंतूंमुळे खाज सुटते आणि खाजेमुळे पुन्हा चाटणे सुरू होते. म्हणजे सुरुवातीचे कारण नाहीसे झाले तरी जखम स्वतःच पुढचे कारण बनते. वरवरच्या मलमाने हा फेरा तुटत नाही. जखमेच्या आतला नमुना घेऊन जंतूंची तपासणी करावी लागते आणि त्यानुसार प्रतिजैविके बहुधा कित्येक आठवडे द्यावी लागतात; जखम कोरडी दिसली म्हणून आठव्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्यांची जखम पुन्हा उघडते.

त्याचबरोबर सुरुवातीचे कारण शोधायचे. ब्रुनो सहा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, त्यामुळे मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्याचे एक्स-रे काढून घ्या. दुखरा सांधा कुत्री वरून चाटतात. त्वचेची ॲलर्जी, रुतलेला काटा आणि थायरॉइडची कमतरता हीही कारणे असू शकतात. यांतले काहीच नसेल, तेव्हा रिकाम्या घरातल्या आठ-दहा तासांकडे बोट दाखवता येते. दुपारी कोणीतरी येऊन त्याला फिरवून आणेल अशी व्यवस्था करा, निघताना चघळायला टिकाऊ खेळणे द्या, मात्र शिजवलेली हाडे देऊ नका.

अशा चाटण्याने मानसोपचारातही एक वळण आणले. १९९२ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंत्रचळावरचे क्लोमिप्रामिन हे औषध पाय चाटणाऱ्या कुत्र्यांना देऊन पाहिले आणि कुत्र्यांचे चाटणे कमी झाले. हात धूत राहणारा माणूस आणि पाय चाटत राहणारा कुत्रा यांच्यात काही समान असावे, ही शंका तिथून गंभीरपणे घेतली जाऊ लागली.

प्रश्न : आमचा चार वर्षांचा पॉमेरेनियन बसल्या जागी मान वर करून हवेत माशी पकडल्यासारखा तोंड मिटतो. माशी नसते. जेवणानंतर हे जास्त होते. हा मंत्रचळ समजावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : लगेच समजू नका. ‘जेवणानंतर’ हा तुमचा शब्द मोलाचा आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात अशा सात कुत्र्यांची कसून तपासणी झाली (तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला), तेव्हा सातही कुत्र्यांच्या पचनसंस्थेत काही ना काही बिघाड आढळला आणि त्यावर उपचार केल्यावर त्यांतल्या अनेकांचे हवेत झेपावणे कमी झाले किंवा थांबले. जमीन किंवा भिंत सतत चाटणाऱ्या कुत्र्यांबाबतही हेच लक्षात ठेवावे. म्हणून आधी पोटाची तपासणी, त्याबरोबर डोळे आणि कान, आणि फेफऱ्याची शंका असेल तर त्या दृष्टीने तपासणी. पशुवैद्यांना दाखवण्यासाठी व्हिडिओ काढताना तो जेवल्यानंतरची वेळही त्यात येऊ द्या. दरम्यान, घरात लेझरचा लाल ठिपका भिंतीवर फिरवून त्याला खेळवत असाल, तर तो खेळ आजपासून बंद करा. हाती कधीच न लागणाऱ्या शिकारीमागे धावून अनेक कुत्री उजेडाच्या आणि सावल्यांच्या नादी लागतात, आणि ते सोडवणे फार कठीण जाते.

प्रश्न : आमच्या कुत्रीला शेपटीमागे फिरण्यासाठी फ्लुऑक्सेटिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. दहा दिवस झाले, काहीही फरक नाही. उलट खाणे कमी झाले. माणसांच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या कुत्र्याला देणे योग्य आहे का? बंद कराव्यात का? गोचिडांसाठी आम्ही दर पंधरा दिवसांनी औषधाच्या पाण्याने तिला अंघोळ घालतो. — एक वाचक, नागपूर

उत्तर : गोळ्या योग्य आहेत, दहा दिवस मात्र अपुरे आहेत. फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करतात आणि त्यांचा परिणाम दिसायला साधारणपणे चार ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत भूक मंदावणे आणि थोडी सुस्ती येणे अपेक्षित आहे. ती सलग जेवत नसेल तर डॉक्टरांना कळवा, ते मात्रा बदलतील. स्वतःहून गोळ्या एकदम थांबवू नका, कारण बंद करतानाही मात्रा हळूहळू उतरवावी लागते. घरातल्या कोणाची उरलेली गोळी अंदाजाने देणे तर कदापि करू नका. गोळी कुत्रीला शिकण्याजोगे शांत करते, शिकवायचे काम तुमचेच राहते; पहिल्या पत्राच्या उत्तरातली वही आणि सतरंजी तुम्हालाही लागू आहे.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मात्र मी दोनदा वाचले. गोचिडांच्या अंघोळीसाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या औषधांत अमित्राझ हे द्रव्य अनेकदा असते. अमित्राझ आणि सेरोटोनिन वाढवणारी औषधे एकत्र आल्यास अस्वस्थता, थरथर, ताप, झटके असा गंभीर, प्रसंगी जीवावर बेतणारा परिणाम होऊ शकतो. वेदनाशामक ट्रामाडॉलबाबतही हीच सावधगिरी लागते. पुढची अंघोळ तूर्त थांबवा, बाटलीवरचा घटक वाचा आणि ती बाटलीच डॉक्टरांकडे घेऊन जा. गोचिडांसाठी तोंडाने देण्याच्या गोळ्या आता मिळतात, परंतु कुत्रीला पूर्वी कधी झटके आले असतील तर तेही आधी सांगा, कारण त्यांतल्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना देताना विचार करावा लागतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या झाल्या नसतील, तर त्या याच भेटीत करून घ्या.